परीक्षेचे घड्याळ : पेण आणि रोहे

रोह्याहून सकाळी सुटणारी गाडी नागोठणे, पेण करीत पनवेलकडे आणि पुढे दिव्याला जाते. या गाडीने मी अधूनमधून प्रवास करतो. पूर्वी डब्यात पत्त्यांचे डाव रंगत, भजने होत. ती आजही होतात. पण आता खिडकीशी बसलेली चार मुले हमखास वेगळे काहीतरी करताना दिसतात. हातात फोन, फोनवर एक तक्ता, तक्त्याखाली प्रश्न आणि कोपऱ्यात उलटे धावणारे घड्याळ. कोणी बँकेच्या परीक्षेची तयारी करतो, कोणी लोकसेवा आयोगाच्या. कोणी मुंबईच्या महाविद्यालयात शिकतो आणि त्याला मोठमोठ्या व्यवसायांना सल्ला देणाऱ्या कंपनीत शिरायचे असते. या कंपन्यांच्या भरतीची पहिली पायरी म्हणजे अशीच एक परीक्षा. समोर आकड्यांचे तक्ते, आलेख आणि एक गुंतागुंतीची परिस्थिती ठेवायची, आणि तासा-दीड तासात तिचा उलगडा मागायचा.

परवा त्यांतल्याच एका मुलाने, तो माझा जुना विद्यार्थी, मला विचारले, “सर, गणित मला येतं. पण घड्याळ दिसलं की येत नाही. याला काय करायचं?”

मी इतिहासाचा मास्तर. घड्याळाचे औषध माझ्यापाशी कुठले असणार? पण घरी येऊन विचार करू लागलो, तेव्हा ध्यानात आले की हा प्रश्न निदान दीडशे वर्षे जुना आहे. आणि त्याची दोन उत्तरे, एकमेकांच्या अगदी उलट, या गाडीच्या वाटेवरच्या दोन तालुक्यांतून आलेली आहेत. एक पेणचे, एक रोह्याचे. आज त्याच दोन उत्तरांविषयी आपल्याशी बोलायचे आहे.

आधी ही परीक्षेची कल्पना आली कुठून, ते थोडक्यात पाहू. जुन्या काळी आपल्याकडे कारकून निवडायचा तर त्याचे मोडी अक्षर पाहात आणि तोंडी हिशेब घालीत. पंतोजींच्या शाळेत पाढे होतेच, पण त्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, हेही घोकून घेत. भाताची खंडी वीस मणांची. मग सव्वासात मणांचा दर साडेतीन रुपयांप्रमाणे काय होईल, हे गिऱ्हाईक समोर उभे असतानाच सांगावे लागे. तेथेही घड्याळ होतेच. फक्त ते भिंतीवर नव्हते, गिऱ्हाइकाच्या तोंडावर होते! १९५७ साली दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि लिटर आले, आणि औटकी विस्मरणात गेली.

कागदावरची स्पर्धा परीक्षा मात्र इंग्रजांबरोबर आली. तीही अगदी आरंभी नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक आपापल्या नात्यागोत्यातल्या, ओळखीपाळखीच्या पोरांना हिंदुस्थानातल्या नोकऱ्या बहाल करीत. १८५३ च्या सनदी कायद्याने ही वशिलेबाजी बंद केली. १८५४ साली लॉर्ड मेकॉले यांच्या समितीने परीक्षेचा आराखडा दिला आणि १८५५ साली लंडनला पहिली खुली स्पर्धा झाली. चीनमध्ये परीक्षेने अधिकारी निवडण्याची रीत शेकडो वर्षे चालत आली होती, ती १९०५ साली बंद झाली. म्हणजे चीनने जी सोडली तीच रीत आपल्याकडे वेगळ्या पोशाखात येऊन रुजली, असेही म्हणता येईल.

मेकॉले यांच्या समितीचे म्हणणे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. उमेदवाराला जमाबंदी येते का, कायदा येतो का, हे त्यांना आधी पाहायचे नव्हते; ते नंतर शिकविता येते. त्यांना पाहायचे होते की या तरुणाने कोणतीही विद्या मनापासून कमावली आहे की नाही. म्हणून त्यांनी बजावले की, दहा विषयांना तोंड लावणाऱ्यास त्या तोंडओळखीचे गुण मुळीच देऊ नयेत. थोडेच घ्यावे, पण खोल घ्यावे. आजच्या उमेदवाराने हे वाक्य कोरून ठेवावे, असे मला वाटते.

अर्थात तत्त्व चांगले असले तरी तराजू काही सरळ नव्हता. पहिल्या परीक्षेत ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५० गुण होते, संस्कृत आणि अरबीला प्रत्येकी ३७५. परीक्षा फक्त लंडनला. बोटीचे भाडे, तिकडचा खर्च आणि समुद्र ओलांडल्याबद्दल घरी प्रायश्चित्त, ते निराळेच. १८७८ पासून वयाची मर्यादा १९ वर खाली आणली गेली, म्हणजे आपल्याकडचा मुलगा इंग्रजीत जरा स्थिरावतो न स्थिरावतो तोच त्याची वेळ संपलेली. ही मर्यादा १८९२ साली पुन्हा वर गेली. परीक्षा दोन्ही देशांत एकाच वेळी व्हावी, असा ठराव इंग्लंडच्या लोकसभेत १८९३ साली मंजूर झाला, तोही कागदावरच राहिला. हिंदुस्थानात ही परीक्षा प्रथम झाली ती १९२२ साली, अलाहाबादला.

या वाटेवरचा एक मराठी माणूस आज कोणाला फारसा आठवत नाही. श्रीपाद बाबाजी ठाकूर त्याचे नाव. १८६९ साली चार हिंदी तरुण ही परीक्षा उतरले : सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त आणि आपले ठाकूर. उतरले खरे, पण सुरेंद्रनाथ आणि ठाकूर यांची नावे वय जास्त आहे म्हणून गाळण्यात आली. खोटे कोणीच बोलले नव्हते. आपल्याकडे वय सांगताना चालू वर्ष धरतात. ‘सोळावे लागले’ म्हणजे सोळा. इंग्रज पुरी झालेली वर्षे मोजतो. एवढ्या एका वर्षाच्या मोजणीवरून दोन आयुष्ये टांगणीला लागली. सुरेंद्रनाथांनी थेट न्यायालय गाठले, आणि अखेर दोघांचीही नावे पुन्हा यादीत आली. तात्पर्य, घड्याळ कोणाचे आणि ते कसे मोजते, हा प्रश्न पहिल्यापासूनच आहे.

शिकवणी वर्गही पहिल्यापासूनच आहेत बरे का! लंडनला पॉविस स्क्वेअरमध्ये वॉल्टर रेन यांचा वर्ग होता. सनदी परीक्षेसाठी तेथे पोरांना घोटून घेत. घोकंपट्टीने परीक्षेचा हेतू मारला जातो अशी तक्रार तेव्हाही होती. आज आपण तीच तक्रार करतो आणि ती नवी आहे असे समजतो.

असो. आता आपल्या दोन तालुक्यांकडे वळू.

पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. हेच पुढे विनोबा झाले. त्यानंतर जेमतेम चार महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, महाडजवळच्या नाते गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. वडील रोह्याला वकील, त्यामुळे बालपण कुंडलिकेच्या काठी रोह्याला गेले. सारा मुलूख तेव्हाचा कुलाबा जिल्हा. १९८१ साली त्याला रायगड हे नाव मिळाले. दोन्ही मुले बुद्धीने तल्लख. दोघांनाही संस्कृतचे वेड. विनोबांना तर गणित प्राणाहून प्रिय. दोघेही शिकायला कुलाब्याबाहेर गेले, एक बडोद्याला आणि एक मुंबईला.

देशमुख १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले, आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. त्या काळचे हे विद्यापीठ म्हणजे एका शहरापुरते नव्हे, जवळजवळ सारा पश्चिम हिंदुस्थान त्यात बसे. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते १९१५ साली केंब्रिजला गेले. तेथे जीझस महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र घेतले, आणि १९१७ साली वनस्पतिशास्त्रातले फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळविले. १९१८ साली लंडनला ते आय. सी. एस. च्या परीक्षेला बसले आणि पहिले आले. युद्धाचे दिवस होते, अनेक इंग्रज तरुण आघाडीवर होते, हे खरेच. पण संस्कृतात पहिला, वनस्पतिशास्त्रात पारितोषिक आणि मग स्पर्धेत पहिला, हा क्रम पाहिला की ते यश रणभूमीने दिलेले नव्हते, हे स्पष्ट होते. मेकॉलेने सांगितलेली गोष्ट येथे तंतोतंत दिसते. परीक्षेची तयारी अशी त्यांनी शेवटच्या वर्षात केली नाही. ती संस्कृतच्या पाठांतरात आणि पानाफुलांच्या निरीक्षणात आधीच झालेली होती.

आता दुसरे उत्तर पाहा. विनोबा १९१३ साली मॅट्रिक झाले, बडोद्याच्या महाविद्यालयात दाखल झाले. एके दिवशी चुलीपाशी बसून त्यांनी आपली प्रमाणपत्रे गुंडाळली आणि एकेक विस्तवात घातली. आई म्हणाली, अरे, पुढे उपयोगी पडतील, राहू दे. तेव्हा, त्यांचा मला कधी उपयोग होणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी ते बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसले. सुरतेला गाडी थांबली. हा वीस वर्षांचा तरुण तेथे उतरला, वडिलांना पत्र टाकले की परीक्षेला न जाता मी अन्यत्र जात आहे, आणि काशीची वाट धरली. काशीहून, गांधीजींच्या भाषणाचा वृत्तांत वाचून आणि त्यांच्याशी पत्रव्यवहार करून, जून १९१६ मध्ये ते अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात पोचले.

म्हणजे पाहा, ज्या सुमारास रोह्याचा मुलगा केंब्रिजला एकेक परीक्षा सर करीत होता, त्याच सुमारास पेणचा मुलगा परीक्षेच्या गाडीतून खाली उतरला. गणित येत नव्हते म्हणून नव्हे. घड्याळाला भिऊनही नव्हे. आपल्याला ज्याचा शोध आहे ते या गाडीच्या शेवटच्या स्टेशनात नाही, एवढे त्याला कळले होते.

या ठिकाणी आपण मास्तर लोक एक चूक करतो. मुलांपुढे भाषण करताना कधी देशमुखांचा दाखला देतो : बघा, अभ्यास करा, पहिले या. कधी विनोबांचा देतो : बघा, परीक्षेत काय ठेवले आहे! जशी वेळ तसा दाखला. पण दोघांची आयुष्ये शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर निराळेच काही दिसते.

देशमुखांनी परीक्षेच्या यशाला शेवट मानले नाही. मध्य प्रांत-वऱ्हाडात त्यांनी नोकरी केली, १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत चिटणिसाचे काम केले. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे ते पहिले हिंदी गव्हर्नर झाले. १९४४ साली ब्रेटन वुड्सच्या परिषदेला हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात होते. १९५० साली देशाचे अर्थमंत्री झाले आणि १९५२ साली आपल्या कुलाब्यातूनच लोकसभेवर निवडून गेले. परंतु मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा बेत दिसला, तेव्हा जुलै १९५६ मध्ये ते अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडले. चाळीस वर्षांपूर्वी विनोबा सुरतेला उतरले होते. देशमुख दिल्लीत उतरले. जागेवर पहिला येणे ज्याला जमते, त्याला जागा सोडणेही जमले पाहिजे, हे त्यांनी दाखविले.

आणि विनोबांनी परीक्षा सोडली, अभ्यास मात्र सोडला नाही. ‘गीताई’ लिहिताना एकेक शब्द त्यांनी किती पारखला, हे जाणकारांना ठाऊक आहे. हिंदुस्थानातल्या बहुतेक मोठ्या भाषा ते शिकले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना पहिली शंभर एकर जमीन दान मिळाली, आणि भूदानाचा हिशेब सुरू झाला. गणिताचे प्रेम एकरांच्या बेरजेत उतरले, असे म्हटले तर चूक होणार नाही. त्याच वर्षी पहिल्या पंचवार्षिक योजनेविषयी बोलण्यासाठी पंडित नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावले. ते पवनारहून पायी गेले. ज्या नियोजन आयोगाशी त्यांची चर्चा झाली, त्या आयोगाचे एक सदस्य चिंतामणराव देशमुख होते. एक परीक्षेच्या वाटेने दिल्लीला पोचला, एक परीक्षा सोडून, आणि विषय दोघांपुढे एकच : या देशातल्या गरीब माणसाचे काय करायचे?

१९५८ साली मॅगसायसाय पुरस्कार विनोबांना मिळाला, १९५९ साली देशमुखांना. २ ऑक्टोबर १९८२ रोजी देशमुख गेले; १५ नोव्हेंबरला विनोबा गेले. चार महिन्यांच्या अंतराने जन्मलेली ही दोन माणसे दीड महिन्याच्या आत एकापाठोपाठ निघून गेली.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, हे दोघे थोर झाले. आमच्या पोराचे काय? रास्त प्रश्न आहे. पहिला येणारा एक आणि स्वतःहून उतरणारा एक, यांच्या मध्ये हजारो मुले उभी असतात. त्यांना नोकरी हवी असते, घरचा हप्ता फेडायचा असतो. त्यांना सुरतेला उतरा म्हणणे हा क्रूरपणा होईल. मी स्वतः त्या हजारांतला आहे. पंचवीस वर्षांमागे एका नोकरीच्या परीक्षेला बसलो होतो. एक उदाहरण अडले. ते सोडवीनच, या हट्टाने पंचवीस मिनिटे त्याच्याशी झुंजलो आणि सोडविलेही! पण पुढची सतरा उदाहरणे कोरी राहिली. घरी येऊन वडिलांना अभिमानाने ते एक उदाहरण समजावून सांगितले. ते भातशेती करणारे. शांतपणे म्हणाले, “एक वाफा छान लावलास, बाकी शेत पडीक ठेवलंस.”

माझ्या विद्यार्थ्याला मी हीच गोष्ट सांगितली, आणि मग कागद घेऊन बसलो. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर घ्या. दोन तास, ८० प्रश्न, २०० गुण. २०१५ पासून हा पेपर फक्त उत्तीर्ण व्हायचा; शेकडा ३३, म्हणजे ६६ गुण पुरतात. प्रत्येक प्रश्न अडीच गुणांचा, चूक झाली तर तिसरा हिस्सा वजा. पोरे काय करतात? १२० मिनिटांना ८० ने भागतात, दर प्रश्नाला दीड मिनिट येते, आणि धाप लागते. पण हिशेब उलट करा. समजा, ८० पैकी तुम्ही ४० च प्रश्न निवडले. आता दर प्रश्नाला तीन मिनिटे झाली, दुप्पट. त्यांतले ३० बरोबर आले आणि १० चुकले, तर ७५ गुण मिळाले आणि सुमारे ८.३ वजा झाले. उरले ६६.७. काठावर का होईना, पास! शिवाय निवड चांगली केली तर चुका दहाही होणार नाहीत. प्रश्न सोडविण्याआधी प्रश्न सोडून द्यायला शिकले पाहिजे, ते हे असे.

सल्लागार कंपन्यांच्या परीक्षेची घडण वेगळी असते, उत्तीर्ण होण्याची रेषा बाहेर कोणी सांगत नाही. तरी तयारीची तऱ्हा फारशी निराळी नाही. आधी घड्याळाशिवाय समजून घ्यावे, मग घड्याळ लावून सराव करावा. उलटे करू नये. तक्ता दिसला की आकड्यांवर झडप घालू नये. आधी प्रश्न काय मागतो आहे ते वाचावे, मग तक्त्यातले तेवढेच उचलावे. उत्तराचा अंदाज आधी बांधावा, म्हणजे शून्याची चूक तेथल्या तेथे पकडता येते. टक्केवारी, गुणोत्तर आणि अपूर्णांक तोंडी करावेत. आजोबांची पावकी-निमकी येथे खरोखरच कामाला येते, कारण शेकडा पंचवीस म्हणजे पावकी आणि शेकडा साडेबारा म्हणजे तिची निमकी. प्रत्येक सरावानंतर गुण मोजण्याऐवजी चुका मोजाव्यात, आणि त्या तीन ढिगांत टाकाव्यात : येत नव्हते, घाई झाली, वाचलेच नीट नाही. तिसरा ढीग बहुधा सगळ्यांत मोठा निघतो, आणि तो कमी करायला पुस्तक लागत नाही.

ठाण्याला महानगरपालिकेची चिंतामणराव देशमुख यांच्या नावाची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था १९८७ पासून आहे. पेण-रोह्याच्या मुलांना ती गाडीच्या वाटेवरच म्हणायची. देशमुखांना लंडन गाठावे लागले होते. आज ठाणे पुरते. हा फरक लहान नाही.

तरीही एक गोष्ट शिल्लक राहते, आणि ती सांगितल्याशिवाय मला थांबवत नाही. घड्याळाची परीक्षा वेग मोजते, नेमकेपणा मोजते, निवड करण्याची अक्कलही काही अंशी मोजते. पण समोरचा प्रश्न सोडविण्याजोगा आहे की नाही, तो मुळात कोणाचा आहे, त्याच्या उत्तराने कोणाचे भले होणार आहे, हे ती मोजत नाही. अधिकाराची जागा सोडायला लागणारे धैर्य ती मोजत नाही, आणि गाडीतून उतरायला लागणारे तर नाहीच. म्हणून परीक्षेला मन लावून बसावे. पण निकालाचा कागद हाती आला की तो आपल्या बुद्धीचा ताळेबंद समजू नये. ती एका सकाळची नोंद असते, इतकेच.

माझ्या विद्यार्थ्याला मी शेवटी एवढेच म्हणालो, “तू घड्याळाला भितोस ते तुला तेच मालक वाटतं म्हणून. त्याला गडी समज. कुठलं उदाहरण केव्हा सोडायचं, एवढं सांगायला ते ठेवलेलं आहे.” तो हसला. पेण आले तसा मी उतरलो, आणि गाडी त्याला घेऊन पुढे गेली. त्याची परीक्षा पुढल्या महिन्यात आहे. काय होईल ते होवो. पण परवा त्याच्या हातात तक्ता होता आणि तो खिडकीबाहेरची भातशेतेही पाहात होता, हे मला बरे लक्षण वाटले.